दुसरा ब्रेक

पोलिसांच्या गाडी-प्रशिक्षण केंद्रात नवीन तुकडी आली की पहिल्या दिवशी उस्ताद कुणालाही गाडीला हात लावू देत नसत. पटांगणाच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथल्या बाकांवर ते सगळ्यांना बसवायचे आणि सांगायचे, "सायरन वाजवला म्हणजे रस्ता आपल्या बापाचा झाला, असं ज्याला वाटतं त्यानं आत्ताच बॅग उचलावी. सायरन म्हणजे विनंती आहे. समोरच्यानं ऐकली तर ऐकली. त्याच्या कानात गाणी असतील, मागच्या सीटवर पोर रडत असेल, तो बहिरा असेल. त्याला दोष देऊन काय मिळणार? तुम्ही जिथं निघालात तिथं पोचायला हवं. पोचलाच नाहीत, तर तुमचा वेग काय चुलीत घालायचाय?"

पोरं हसायची. उस्ताद हसायचे नाहीत. आयुष्य त्यांनी याच पटांगणात काढलं होतं आणि निवृत्तीला आता वर्षभरच उरलं होतं. हाताखालून इतक्या तुकड्या गेल्या होत्या की शहरातल्या कुठल्याही चौकात पोलिसांची गाडी थांबली, की आतला चालक काच खाली करून त्यांना सलाम ठोकायचा. त्यांची बायको म्हणायची, यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे संचलनाला जाणं.

त्या वर्षीच्या तुकडीत दोघं लक्षात राहण्यासारखी होती. एकाला सगळे पैलवान म्हणत. अंगानं दांडगा, मनानं साधा, आणि स्टिअरिंग असं आवळून धरायचा की उस्ताद म्हणायचे, "अरे, सोड त्याला, गुदमरेल ते." दुसरी होती बाई. चार वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मग पोलिसात आलेली, म्हणून तिचं नाव बाई पडलं. बोलायची बेतानं, पण नजर अशी की मागच्या बाकावर कोण काय करतंय ते पाठमोरी असतानाही तिला कळावं. निसरड्यावर, म्हणजे मुद्दाम तेल-पाणी ओतून ठेवलेल्या त्या लांबलचक पट्ट्यावर, गाडी घसरली की बाकीचे ब्रेकवर उभे राहायचे. बाई पाय काढून घ्यायची, जायचं असेल तिकडे नजर लावायची आणि स्टिअरिंग हळूच वळवायची. गाडी शहाण्या मुलासारखी सरळ व्हायची. उस्ताद वरवर काही बोलायचे नाहीत, पण घरी गेल्यावर बायकोला तिच्याबद्दल सांगायचे.

पटांगणावरचं संपलं की रस्त्यावरचं सुरू झालं. एक जण गाडी चालवणार, दोघं मागे बसणार आणि उस्ताद चालकाच्या शेजारी, डाव्या सीटवर. त्या सीटच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. शिकणाऱ्याची चूक झालीच तर उस्तादांनी तो दाबायचा. पोरं बिनधास्त गाडी हाकायची ती त्या ब्रेकच्या भरवशावर.

रस्त्यावर उस्तादांचा एक नियम होता. चालवताना तोंडानं बोलत राहायचं. दिसेल ते सांगायचं. पुढे रिक्षा, थांबण्याच्या बेतात आहे. डावीकडे शाळेचं फाटक. बसच्या मागून कुणीतरी येऊ शकतं. असं बोललं की डोळे झोपत नाहीत, असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं. पण गेल्या वर्ष-दीड वर्षात या नियमाची त्यांना स्वतःलाच सवय जडली होती. पोरांनी 'डावीकडे सायकल' म्हटलं की ते मान वळवायचे आणि मग त्यांना सायकल दिसायची. आधी दिसायची नाही. हे त्यांच्या मनात कुठंतरी टोचत होतं, पण माणूस नको त्या गोष्टीकडे कानाडोळा करायला लवकर शिकतो. स्वतःच्या गाडीचा डावा आरसा लागोपाठ दोनदा तुटला, तेव्हा त्यांनी शेजाऱ्याच्या फाटकाला शिव्या घातल्या होत्या.

एका सकाळी गाडी चालवायची पाळी बाईची होती. मागे पैलवान आणि आणखी एक जण. बाजाराच्या रस्त्यावरून गाडी बेतानं चालली होती. बाई सुरुवातीला सगळं बोलत होती. पुढे एक मालाचा टेम्पो उलटा येऊ लागला, त्याच्याकडे लक्ष द्यावं लागलं, तशी ती गप्प झाली. आणि तेवढ्यात डावीकडच्या बोळातून हातगाडी ढकलत एक बाईमाणूस थेट रस्त्यावर आली. हातगाडीवर रिकाम्या टोपल्यांचा ढीग होता, त्यामुळे तिलाही समोरचं दिसत नव्हतं.

बाईनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पुढचं चाक आणि हातगाडीचं चाक यांत वीतभर अंतर राहिलं असेल. वरच्या दोन टोपल्या बॉनेटवर येऊन पडल्या. हातगाडीवालीनं दोन शब्द सुनावले, पैलवानानं उतरून टोपल्या उचलून दिल्या, आणि ती निघून गेली. म्हटलं तर काहीच घडलं नाही.

पण बाईनं एक गोष्ट ऐकली होती, म्हणजे खरं तर ऐकली नव्हती. दुसऱ्या ब्रेकवर पाय पडला की खाली बारीक 'टक' असा आवाज व्हायचा. आपण चूक करायची नुसती कल्पना केली तरी उस्तादांचा पाय तिथे पोचलेला असतो, असं सगळी पोरं म्हणायची. आज 'टक' झालं नव्हतं. तिनं शेजारी पाहिलं तेव्हा उस्ताद दचकून विचारत होते, "काय झालं? का थांबलीस?" आणि टोपल्या तर त्यांच्याच बाजूला, बॉनेटच्या डाव्या कडेला पडल्या होत्या.

पुढे एका मोकळ्या जागी तिनं गाडी बाजूला घेतली. मागच्या दोघांना पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवलं. मग इंजिन बंद करून, समोर बघतच ती म्हणाली, "सर, तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये."

उस्तादांनी मान वळवून डावीकडच्या आरशात पाहिलं.

"आजचंच नाही," ती म्हणाली. "परवा तो कुत्रा. त्याआधी ती शाळेची मुलं. आम्ही बोलल्यावर तुम्ही वळता. आधी वळत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला फळ्याची एक बाजू दिसायची नाही. तोही असाच, दुसऱ्यांनी वाचलं की मान हलवायचा."

उस्तादांची कानशिलं तापली. त्यांनी तिला विचारलं, की ती डॉक्टर कधीपासून झाली. मग म्हणाले, चालकानं आपल्या रस्त्याकडे बघावं, शिक्षकाकडे नाही, आणि बोलायचं थांबलीस ती चूक तुझी आहे. त्यात तथ्य होतं, म्हणून बाई गप्प बसली. पैलवान बाटल्या घेऊन आला तेव्हा गाडीत अशी शांतता होती की तो बिचारा पाणीसुद्धा आवाज न करता प्यायला.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी बाईला रस्त्यावरून काढलं आणि पुन्हा निसरड्यावर टाकलं. कारण दिलं, सराव कमी पडतोय. ज्या मुलीला निसरड्यावर शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, ती दिवसभर त्या तेलकट पट्ट्यावर गोल गोल फिरत राहिली. तिनं तक्रार केली नाही. ती करती तर उस्तादांना बरं वाटलं असतं. शेडमधून तिच्या गाडीकडे बघताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. ते कठोर होते, पण सूड उगवणारा माणूस म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि ते स्वतःही ओळखत नव्हते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की पेला उजवीकडे होता. आमटीची वाटी उजवीकडे. मिठाची बरणीसुद्धा उजवीकडे. टेबलाची डावी बाजू रिकामी होती.

"हे सगळं इकडे कधीपासून ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

बायको वाढता वाढता थांबली. "बरेच दिवस झाले."

"का?"

"डावीकडे ठेवलं की तुम्ही सांडता." ती समोर बसली. "दाराच्या चौकटीला खांदा आपटता. जिन्यात भिंतीला धरून उतरता. मी दोनदा म्हटलं डॉक्टरकडे जाऊ, तर तुम्ही माझ्यावरच खेकसलात, की म्हातारा झालो का मी. मग मी बोलायचं सोडलं आणि पेले हलवले."

"मला सांगायचंस ना नीट."

"सांगितलं तेव्हा ऐकलंत का?" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "मला वाटायचं घरात सांभाळून घेता येतंय तोवर घ्यावं. तुम्ही रोज त्या पोरांच्या शेजारी बसता हे माझ्या डोक्यात यायचं, नाही असं नाही. मग मी दुसरा विचार करायची."

उस्तादांनी तिला दोष दिला नाही. तिनं केलं तेच त्यांनीही केलं होतं. फक्त तिनं ते त्यांच्या काळजीपोटी केलं होतं आणि त्यांनी स्वतःच्या भीतीपोटी. कुठेतरी त्यांना ठाऊक होतं, की एकदा तपासलं की नाव मिळेल, आणि नाव मिळालं की नाकारता येणार नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. डॉक्टर तरुण होती, बोलायला गोड, पण कामात पक्की. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्याकडे एकटक बघायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. उस्तादांना हे सोपं वाटलं. समोर बघत कडेचं टिपायचं, हेच तर ते आयुष्यभर शिकवत आले होते. उजव्या डोळ्याच्या वेळी बटण बरंच वाजलं. मग डावा डोळा आला. ते बघत राहिले. यंत्राच्या आत काहीतरी सरकल्याचा आवाज होत होता, थांबत होता, पुन्हा होत होता. ठिपका मात्र येत नव्हता. त्यांना वाटलं यंत्र अडकलं.

"सुरू झालं की सांगा," ते म्हणाले.

"सुरू आहे," डॉक्टर म्हणाली. "बराच वेळ झाला."

बायको मागे खुर्चीवर बसली होती. तिनं पर्सचा बंद घट्ट धरला.

काचबिंदू होता. डॉक्टरनं समजावून सांगितलं, की यात दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यापुढे काळं येतं असंही नाही. जो भाग दिसेनासा होतो तिथे मेंदू आजूबाजूचाच रस्ता, भिंत, आकाश पसरून टाकतो, त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. डाव्या डोळ्याचा कडेचा भाग बहुतेक गेला होता आणि तो परत येणार नव्हता. उजव्यात नुकतीच सुरुवात होती. थेंब नेमानं घातले, तपासण्या चुकवल्या नाहीत, तर आहे ते टिकवता येईल. गाडी चालवणं मात्र आता बंद.

उस्तादांनी विचारलं, चालवणाऱ्याच्या शेजारी बसणं?

डॉक्टरनं विचारलं, नुसतं बसणं, की सांभाळणं?

उस्तादांनी थेंबांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

केंद्राचे प्रमुख वयानं त्यांच्याहून लहान, त्यांचेच जुने विद्यार्थी. उस्तादांनी त्यांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. प्रमुखांनी उठून दार लोटून घेतलं, त्यांना बसवलं, चहा मागवला. माणूस चांगला होता आणि त्याच्या चांगुलपणानंच तो चुकला. तो म्हणाला, की वर्षभराचा तर प्रश्न आहे, इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाही. मोठ्या रस्त्यावर नका जाऊ, रिकामे रस्ते निवडा, सकाळी लवकर जा. निवृत्तीचा समारंभ थाटात करू. आपण हे बोललोच नाही असं समजतो.

नाही म्हणायला उस्तादांना वेळ लागला. खोटं कशाला, चहा संपेपर्यंत त्यांच्या मनानं दोन्हीकडे फेऱ्या मारल्या. कुठला रस्ता किती वाजता रिकामा असतो हे त्यांना तोंडपाठ होतं. बाईनं कुणाला सांगितलं नव्हतं, ती सांगणारही नव्हती. निभावून गेलं असतं, बहुधा.

"तुला आठवतंय, तू शिकताना एकदा घाटात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला होतास?" त्यांनी विचारलं.

प्रमुख हसले. "विसरेन कसा? तुम्ही थांबवलीत गाडी. नाहीतर मी आज या खुर्चीत नसतो."

"आज तू तसा दाबलास, तर मी थांबवेनच असं नाही." उस्तादांनी कप खाली ठेवला. "पोरं माझ्या पायाखालच्या ब्रेकवर भरवसा टाकून गाडी हाकतात. त्यांना वाटतं तो ब्रेक आहे. तो नाहीये. मी रिकामा रस्ता शोधला, तरी कुणीतरी बोळातून येणारच ना. मग त्याच्या घरच्यांना आपण काय सांगायचं, उस्तादांचा समारंभ बाकी होता म्हणून?"

प्रमुखांनी उठून दार पुन्हा उघडलं. मग त्यांनी विचारलं, की तुकडीला काय सांगायचं. उस्ताद म्हणाले, ते माझं मी बघतो.

शेडमध्ये सगळी जमली होती. उस्तादांनी कागद काढला नाही की घसा खाकरला नाही. सरळ सांगितलं, की माझा डावा डोळा कडेनं गेलाय, बरेच महिने, आणि तो जातोय हे मला कळायला हवं होतं. गेले काही आठवडे तुम्ही रस्त्यावर गाडी चालवलीत ती तुमची तुम्हीच. दुसरा ब्रेक नावापुरता होता. तेव्हा घाबरायचं असेल तर आत्ता घाबरून घ्या.

शेवटी पैलवान म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी मी पुलावर ट्रकला ओलांडलं, तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं मी बरोबर ओलांडलं."

"चुकीचं ओलांडलंस की बरोबर, मला माहीत नाही," उस्ताद म्हणाले. "ट्रक डावीकडे होता."

कपाळावरचा घाम पुसता पुसता पैलवानाला हसू फुटलं आणि मग सगळेच हसले, सुटल्यासारखे. पण बाई हसली नाही. तिची मान खाली होती. उस्ताद तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हिनं मला तोंडावर सांगितलं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि मी हिला निसरड्यावर डांबून ठेवलं. तिथे हिची काहीच चूक नव्हती. माझी होती." मग फक्त तिला म्हणाले, "चुकलो, बाई."

"सर, मी तेव्हा बोलायची थांबले होते, हे पण खरंय," ती म्हणाली.

"ते खरंच आहे," उस्ताद म्हणाले. "पुन्हा थांबू नकोस."

रस्त्यावरच्या धड्यांसाठी दुसऱ्या केंद्रातून एक तरुण शिक्षक आला. तो उस्तादांपेक्षा जास्त बोलायचा आणि कमी ओरडायचा, त्यामुळे पोरांना आवडला. त्याचं कौतुक कानावर आलं की उस्तादांना बरंही वाटायचं आणि पोटात दुखायचंही. त्यांच्याकडे पटांगण आणि शेड राहिली. नारिंगी शंकूंच्या रांगेतून गाडी नागमोडी काढणाऱ्या पोरांना ते उंच स्टुलावर बसून कर्ण्यातून सूचना द्यायचे. सुरुवातीला काही दिवस हात कुठे ठेवावेत हेच त्यांना कळत नसे. घरी येताना बसनं यावं लागे, आणि बसच्या चालकानं अंतर कमी ठेवलं की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा. शेजारचे प्रवासी बघायचे.

तुकडी पास झाली. पैलवान दुसऱ्या प्रयत्नात, बाई पहिल्याच. तिची नेमणूक शहरातच झाली.

घरची गाडी मात्र फाटकाशी उभी होती, धूळ खात. उस्तादांनी ती विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "विकू नका. मी शिकते."

उस्तादांना वाटलं ती थट्टा करतेय. ती करत नव्हती. ती म्हणाली, लग्न झालं तेव्हापासून मी शेजारच्या सीटवर बसतेय. आख्ख्या शहराच्या पोलिसांना तुम्ही शिकवलंत, मला कधी विचारलंतही नाही. डॉक्टरकडे दर दोन-तीन महिन्यांनी जायचंय, ते काय बसनं लोंबकळत?

उस्ताद खजील झाले. खरंच, त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं. ते म्हणाले, उद्यापासून सुरू करू.

"तुमच्याकडून नाही," बायको म्हणाली. "तुम्ही ओरडाल, मी रडेन, आणि संसार मोडेल. मी त्या बाईला फोन केलाय. सुट्टीच्या दिवशी ती येणार आहे."

सुट्टीच्या दिवशी प्रमुखांनी पटांगणाचं फाटक उघडून दिलं. बायको पंजाबी ड्रेस घालून, केस घट्ट बांधून, लढाईला निघाल्यासारखी स्टिअरिंगमागे बसली. बाई तिच्या शेजारी. उस्तादांना मागची सीट मिळाली. गाडी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा बेडकासारखी उडी मारून निघाली. उस्तादांनी तोंड उघडलं.

"सर," बाई मागे न बघता म्हणाली, "काकूंना मी सांगतेय."

त्यांनी तोंड मिटलं. गाडी सरळ रेषेत गेली, मग थोडी तिरकी गेली, मग पहिल्या वळणावर अगदी हळू, पण व्यवस्थित वळली. बाईनं बायकोला सांगितलं, आता दुसरा गिअर. बायकोनं खाली बघितलंच नाही, हातानं चाचपून टाकला. एवढी वर्षं शेजारी बसून तिनं काय काय टिपून ठेवलं होतं, ते उस्तादांना आता कळत होतं. त्यांनी सीटला पाठ टेकली, खिडकीची काच खाली केली आणि वारा तोंडावर घेत बसून राहिले. पुढच्या फेरीला गाडीनं जरा वेग घेतला, तेव्हा बायको एकटीच खुदकन हसली.

"आणखी एक फेरी घेऊ?" तिनं विचारलं.

प्रश्न बाईला होता, पण हो उस्तादच म्हणाले.